पंख्याची जुनी फायटर विमानं नंतरच्या युद्धांत चालली असती का?

युक्रेनमधून याक-५२ चे फोटो यायला लागले तेव्हापासून हा प्रश्न परत परत कानावर येतोय. याक-५२ म्हणजे सोव्हिएत काळातलं दोन सीटचं ट्रेनिंगचं विमान, पुढे पंखा, मागे दोन माणसं. पुढचा पायलट रशियन ड्रोनच्या शेजारी विमान नेतो आणि मागचा माणूस कॉकपिटमधून बंदुकीने ड्रोन पाडतो. २०२४ साली हे बघून लोकांना पहिल्या महायुद्धाची आठवण झाली नसती तरच नवल. मग पुढचा प्रश्न आपसूक येतोच, की हे साधं ट्रेनर एवढं करतंय तर स्पिटफायर, मस्टँग, कोर्सेअर ही अस्सल लढाऊ विमानं उगाच भंगारात काढली का, कोरिया, व्हिएतनाम, पुढची युद्धं, तिथे ती वापरता आली असती की.

वापरली होती. बऱ्याच ठिकाणी, बरीच वर्षं. डोमिनिकन रिपब्लिकच्या हवाई दलात तर मस्टँग १९८४ पर्यंत उडत होती. त्यामुळे नुसतं "चाललं असतं का" विचारून हाती काही लागत नाही. कोणत्या कामाला, वरचं आकाश कोणाच्या ताब्यात असताना, आणि खाली जमिनीवरच्या शत्रूच्या हातात काय असताना, हे विचारलं की उत्तरं बऱ्यापैकी सरळ मिळतात.

आधी पंखा कुठे अडतो ते बघू

जुन्या फायटरमध्ये पिस्टन इंजिन असतं, म्हणजे गाडीत असतं त्याच तत्त्वावरचं पण प्रचंड मोठं, आणि ते पुढचा पंखा फिरवतं. जेट इंजिन गरम वायू मागे फेकून विमान पुढे ढकलतं. तिसरा प्रकार टर्बोप्रॉप, यात आत जेटसारखं टर्बाइन असतं पण ताकद पंख्याला दिलेली असते. एवढे तीन शब्द लक्षात ठेवले तरी लेख कळेल.

पंख्याची अडचण अशी की त्याच्या पात्याचं टोक स्वतः गोल फिरत असतं आणि शिवाय विमानाबरोबर पुढेही जात असतं, त्यामुळे विमान ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास पोचलं की टोकाचा वेग आवाजाच्या वेगाला भिडतो, तिथे हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंजिनाची ताकद वाया जायला लागते. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटची सगळी उत्तम फायटर त्याच आकड्याजवळ अडकली. मस्टँगचा सर्वाधिक वेग साधारण ७०० किमी, तोही चांगल्या उंचीवर. १९५० च्या नोव्हेंबरात कोरियावर मिग-१५ हे सोव्हिएत जेट आलं ते हजाराच्या वर पळणारं होतं. (रशियाचं तू-९५ पंख्यावर नऊशेच्या आसपास जातं हे बरोबर, पण ते टर्बोप्रॉप बॉम्बर आहे, एकेका इंजिनावर उलटसुलट फिरणारे दोन-दोन पंखे आहेत, ती वेगळीच जात आहे.)

आता ताशी तीनशे किमीचा फरक म्हणजे नुसतं पळायच्या शर्यतीत हरणं नव्हे. हवाई लढाईत ज्याचा वेग जास्त तो ठरवतो लढायचं की नाही. वरून यायचं, एक फैर झाडायची, वर निघून जायचं, जमलं नाही तर घरी जायचं, हे सगळे पर्याय वेगवान विमानाकडे. हळू विमानाकडे वाट बघणं आणि ऐन वेळी वळणं, बस.

कोरियात जेटवाले परत मस्टँगवर आले

इथे गोष्ट इंटरेस्टिंग होते. जून १९५० मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिकेकडे एफ-८० ही जेट होती, आणि तरीही २७ जूनला अमेरिकेने पाडलेली पहिली विमानं पाडली ती एफ-८२ ट्विन मस्टँगने, म्हणजे दोन मस्टँग एकमेकांना जोडल्यासारख्या दिसणाऱ्या पंख्याच्या विमानाने. त्यानंतर जुलैमध्ये बॉक्सर या विमानवाहू जहाजावर १४५ मस्टँग लादून घाईघाईने पॅसिफिक ओलांडून नेली गेली. काही एफ-८० स्क्वाड्रन्सना तर जेट सोडून परत मस्टँगवर बसवलं. पायलट खूश नव्हते, साहजिकच आहे.

असं का केलं? कारण सुरुवातीची जेट विमानं खालच्या उंचीवर इंधन ढोसायची, आणि दक्षिण कोरियातल्या कच्च्या, आखूड धावपट्ट्यांवर त्यांना उतरता येत नव्हतं. ती जपानमधून उडायची, आघाडीवर पोचायची आणि तिथे दहा-पंधरा मिनिटं थांबून परत फिरायची. मस्टँग मात्र आघाडीच्या जवळच्या पट्टीवरून उठायची आणि बराच वेळ घिरट्या घालत राहायची. खाली अडकलेल्या पायदळाला वर कोणीतरी आहे हे फार महत्त्वाचं असतं, ते विमान किती आधुनिक आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. शिवाय वेगात उडताना जमिनीवरचं नेमकं लक्ष्य ओळखणं हे हायवेच्या स्पीडने गाडी चालवत गल्लीतले घर नंबर वाचण्यासारखं आहे, दिसेपर्यंत मागे गेलेलं असतं.

म्हणजे मस्टँग जिंकली? तसंही नाही. मस्टँग मुळात उंचावर बॉम्बर विमानांना सोबत द्यायला वाखाणलेली. तिचं इंजिन पाण्याने थंड होणारं, रेडिएटर पोटाखाली, म्हणजे खालून गोळी यायची नेमकी तीच जागा. एक गोळी लागली, पाणी गळालं की काही मिनिटांत इंजिन जाम. कोरियात मस्टँग पडल्या त्या मुख्यतः मिगमुळे नाहीत, जमिनीवरून होणाऱ्या माऱ्यामुळे. दक्षिण आफ्रिकेच्या स्क्वाड्रनची तर जवळपास तीन चतुर्थांश मस्टँग त्या युद्धात गेली. याउलट कोर्सेअर आणि स्कायरेडर या पंख्याच्याच विमानांची इंजिनं हवेने थंड होणारी, मार खाऊनही बरेचदा परत आणणारी. तिथल्या अमेरिकन हवाई दलाचे प्रमुख जनरल स्ट्रेटमायर यांनी मस्टँगऐवजी तसल्याच दणकट इंजिनाची थंडरबोल्ट मागितली होती, पण सुटे भाग आणि विमानं पुरेशी नाहीत म्हणून ती मिळालीच नाहीत. या सुट्या भागांच्या मुद्द्यावर पुढे परत यायचंय.

"पण पंख्याच्या विमानांनी मिग पाडलेत ना?"

पाडलेत, अगदी खरं. ऑगस्ट १९५२ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या सी फ्युरी विमानांनी मिग-१५ पाडलं, श्रेय पीटर कारमायकेल यांना दिलं गेलं. पुढच्याच महिन्यात अमेरिकन मरीन्सच्या जेसी फोल्मार यांनी कोर्सेअरमधून एक मिग पाडलं. व्हिएतनाममध्ये २० जून १९६५ ला दोन स्कायरेडरनी मिळून मिग-१७ पाडलं, आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये आणखी एक.

पण या गोष्टी सांगताना अर्धाच भाग सांगितला जातो. फोल्मार यांचं कोर्सेअर त्याच झटापटीत दुसऱ्या मिगने पाडलं, ते पॅराशूटने उतरले आणि वाचवले गेले. आणि बहुतेक किश्श्यांत एक गोष्ट सारखी दिसते की मिगचा पायलट आपला वेगाचा फायदा सोडून खाली येऊन वळणावळणाच्या लढाईत अडकला. इथे गणित साधं आहे, वळणाचं वर्तुळ वेगाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतं, म्हणजे शरीराला तितकाच ताण सोसून निम्म्या वेगाने वळणाऱ्या विमानाचं वर्तुळ चौपट लहान. स्कायरेडरवाल्यांनी जमिनीलगत तेच केलं, गरगर वळत राहिले, आणि मिग त्यांच्या समोरून गेलं. शत्रूने चूक केली तर तुमची संधी. शत्रूने चूक केलीच नाही तर काय, यावर मात्र हळू विमानाकडे उत्तर नसतं.

मला स्वतःला वाटतं हे किस्से इतके प्रसिद्ध आहेत तेच मुळात ते दुर्मिळ आहेत म्हणून. जेटने पंख्याचं विमान पाडलं याची कोण गोष्ट सांगत बसणार? १० डिसेंबर १९७१ ला आयएनएस विक्रांतच्या ताफ्यातलं एक अलिझे, टर्बोप्रॉप, पाकिस्तानी एफ-१०४ ने पाडलं. अलिझे हे पाणबुड्या शोधायचं विमान, एफ-१०४ आवाजाच्या दुप्पट वेगाचं. त्यात सांगण्यासारखी चुरस नव्हती. त्याच युद्धात पूर्वेला, जिथे आकाशात धोका फारसा उरला नव्हता, तिथे अलिझेंनी बंदरांवर हल्ले करून चोख काम केलं. विमान तेच, आकाश वेगळं. आणि नुसतं जेट असून भागत नाही हेही १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये दिसलं, तिथे आपली जुनी झालेली व्हॅम्पायर जेट पाकिस्तानच्या सेबर या जेटसमोर गेली आणि चार पडली.

वरचं आकाश आपलं, पण खाली काय आहे?

समजा वरचा धोका संपला. मग जुनं पंख्याचं विमान मस्त चालतं, हे व्हिएतनाममधल्या स्कायरेडरने दाखवून दिलं. हे काही फायटर नव्हे, हल्ल्यासाठीचं विमान, १९४५ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा उडालं आणि महायुद्ध हुकलं. एकच इंजिन, पण साडेतीन टनांच्या वर बॉम्ब आणि रॉकेट उचलायचं, म्हणजे चार इंजिनांचं बी-१७ लांबच्या मोहिमेवर साधारण जेवढं न्यायचं त्याहून जास्त. शत्रूच्या मुलखात पडलेल्या पायलटला सोडवायला हेलिकॉप्टर जायचं तेव्हा सोबत स्कायरेडर असायची, रेडिओवरचं त्यांचं नाव 'सँडी'. हेलिकॉप्टरच्या वेगाशी जुळवून घेत तासन् तास वर राहणं जेटला जमत नव्हतं. मार्च १९६६ मध्ये आ शाऊ खोऱ्यात मेजर बर्नार्ड फिशर यांनी शत्रूने वेढलेल्या धावपट्टीवर स्कायरेडर उतरवून पाडल्या गेलेल्या सहकाऱ्याला उचलून आणलं, त्याबद्दल त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळालं.

मग १९७२ मध्ये स्ट्रेला आलं. खांद्यावर ठेवून एका माणसाने डागायचं मिसाईल, इंजिनाच्या उष्णतेचा माग काढणारं. तोपर्यंत हळू विमानाला मशीनगन आणि तोफांचा धोका होता, तो पायलटच्या कौशल्याने आणि चिलखताने थोडाफार टाळता यायचा. आता झाडीत लपलेला एक सैनिक पुरेसा होता. त्याच वर्षाच्या शेवटी सँडीचं काम ए-७ या जेटकडे गेलं.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा मला ब्रॉन्को या टर्बोप्रॉप विमानात दिसतो. १९९१ च्या आखाती युद्धात इराकी सैन्याकडे खांद्यावरची मिसाईल भरपूर, अमेरिकन मरीन्सची दोन ब्रॉन्को पडली. २०१५ मध्ये दोन जुनी ब्रॉन्को नवे कॅमेरे आणि नेमकी मारणारी रॉकेट लावून आयसिसविरुद्ध पाठवली, त्यांनी ८२ दिवसांत १२० मोहिमा केल्या. या वेळी ती चांगल्या उंचीवरून, लांबून बघत काम करत होती, आणि समोर हवाई संरक्षण म्हणावं असं फार काही नव्हतं.

फॉकलंडमध्ये १९८२ ला अर्जेंटिनाच्या पुकारा या टर्बोप्रॉपचं काय झालं तेही बघा. कच्च्या पट्टीवरून उडू शकतं हा त्याचा मोठा गुण, म्हणून ते बेटांवरच ठेवलं, आणि म्हणूनच ब्रिटिश कमांडोंच्या हाती लागलं. १४-१५ मेच्या रात्री पेबल बेटावर एसएएस या ब्रिटिश कमांडो तुकडीने जमिनीवरच ११ विमानं निकामी केली, त्यात सहा पुकारा. आघाडीजवळ राहण्याची ही किंमत कोणी हिशोबात धरत नाही.

"हळू विमान रडारला दिसत नाही म्हणे"

यात थोडं तथ्य आहे. रडार जमिनीवरून येणारे फालतू प्रतिध्वनी गाळून टाकायला हलणाऱ्या वस्तूच शोधतं, आणि खूप हळू, खूप खाली जाणारी वस्तू त्या गाळणीत कधी कधी निघून जाते. कोरियात उत्तरेकडचे पायलट पो-२ घेऊन रात्री यायचे, लाकूड आणि कापडाचं, दोन मजली पंखांचं विमान, मूळ डिझाइन १९२० च्या दशकातलं. १७ जून १९५१ ला सुवोनच्या तळावर अशा हल्ल्यात एक सेबर जेट नष्ट झालं आणि बरीच खराब झाली. एक एफ-९४ जेट पो-२ च्या मागे लागून इतकं हळू झालं की हवेत तरंगायलाच वेग उरला नाही आणि कोसळलं. शेवटी या निशाचरांना पकडायला रात्रीची कोर्सेअर आणली, त्यावर गाय बोर्डेलॉन नावाच्या पायलटने १९५३ मध्ये पाच विमानं पाडली, आणि अमेरिकन नौदलाचे ते कोरियातले एकमेव एस ठरले. एस म्हणजे पाच किंवा जास्त विमानं पाडलेला पायलट. पंख्याला पंखाच.

ब्रिटिशांनाही हा प्रश्न पडला होता. इंडोनेशियाकडे मस्टँग होती आणि तिच्याशी गाठ पडायची शक्यता, म्हणून १९६३ मध्ये त्यांनी लाइटनिंग हे आवाजाच्या दुप्पट वेगाचं जेट चक्क एका जुन्या स्पिटफायरशी सरावात भिडवून बघितलं, की एवढ्या हळू विमानाला मारायचं कसं. त्यावरून कळतं की जेटवाल्यांना हा त्रास खरा होता. पण त्रास देणं वेगळं आणि आकाश ताब्यात घेणं वेगळं. पो-२ ने सैनिकांची झोप उडवली, युद्धाची दिशा बदलली नाही. आणि आजच्या रडारच्या गाळण्या पुष्कळ बारीक झाल्यात, शिवाय मस्टँगसारखं धातूचं, समोर मोठा पंखा फिरणारं विमान रडारवर चांगलं ठळक दिसतं.

दोन्हीकडे जुनीच असतील तर

तर मग वयाचा प्रश्नच नाही. जुलै १९६९ मध्ये होंडुरास आणि एल साल्वाडोर यांच्यात चार दिवसांचं युद्ध झालं, दोन्हीकडे महायुद्धाच्या पिढीतली विमानं. १७ जुलैला होंडुरासच्या फर्नांडो सोटो यांनी कोर्सेअरमधून एक मस्टँग आणि दोन कोर्सेअर पाडली. पिस्टन फायटर विरुद्ध पिस्टन फायटर ही हवाई लढाई त्यानंतर झाली नाही. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीच्या किलो फ्लाइट या छोट्या हवाई तुकडीने तर ऑटर हे साधं मालवाहू पंख्याचं विमान रॉकेट लावून ३ डिसेंबरच्या रात्री चितगावच्या तेलसाठ्यांवर नेलं. समोरच्याला अपेक्षाच नसेल तर काहीही चालतं.

विमान म्हातारं होतं म्हणजे नक्की काय होतं

हा भाग गप्पांमध्ये नेहमी राहून जातो आणि माझ्या मते खरा अडथळा इथेच आहे. कागदावर मस्टँगचे आकडे १९४४ ला होते तेच १९६४ ला असतात. धातूचे तसे नसतात. प्रत्येक उड्डाणात, प्रत्येक वळणात पंख वाकतो आणि सरळ होतो, आत बारीक भेगा वाढत जातात, बाहेरून काही दिसत नाही. व्हिएतनामच्या सुरुवातीला अमेरिकेने महायुद्धातली बी-२६ बॉम्बर आणि महायुद्धानंतरची टी-२८ ट्रेनर हल्ल्यांसाठी काढली, आणि पंख मोडायला लागले. फेब्रुवारी १९६४ मध्ये फ्लोरिडातल्या एग्लिन तळावर प्रात्यक्षिक चालू असताना एका बी-२६ चा पंख तुटला. ती विमानं जमिनीवर बसवावी लागली, नंतर काही बी-२६ पंखांची मुख्य तुळई मजबूत करून जवळपास नव्याने बांधली तेव्हा परत उडाली.

मग सुटे भाग. कारखान्याची लाइन एकदा बंद झाली की साचे जातात, माणसं जातात, पुरवठादार दुसऱ्या धंद्याला लागतात, आणि एक विमान चालू ठेवायला दुसरं खोलावं लागतं. थंडरबोल्टचं हेच झालं, आणि तेही युद्ध संपून अवघी पाच वर्षं झाली असताना. मग इंधन, पिस्टन इंजिनाला उच्च ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, जेटना केरोसिनच्या जातीचं. विमानवाहू जहाजावर दोन प्रकारची इंधनं ठेवायची, त्यातलं एक चटकन पेट घेणारं, हे कोणत्याच नौदलाला आवडत नाही. आणि पायलट! हजार-दोन हजार हॉर्सपॉवरचा पंखा टेकऑफला विमान एका बाजूला खेचतो, शेपटीच्या चाकामुळे समोरचं दिसत नाही, जेटवर शिकलेल्या मुलाला हे सगळं नव्याने शिकवायचं.

कोणी प्रयत्न केलाच नाही असं नाही. मस्टँगला टर्बोप्रॉप बसवून एन्फोर्सर नावाचं विमान केलं गेलं, अमेरिकन हवाई दलाने १९८३-८४ मध्ये त्याच्या चाचण्याही घेतल्या आणि घेतलं नाही. मजा म्हणजे तोपर्यंत बदल करत करत त्यात मूळ मस्टँगचे फार थोडे भाग उरले होते. जुनं विमान परत आणायचं म्हटलं की शेवटी नवं विमानच करावं लागतं.

मग याक-५२ चं काय?

तिथे कामच वेगळं निघालंय. टेहळणीचे ड्रोन हळू उडतात, शाहेद जातीचा स्फोटक ड्रोन ताशी १८० किमीच्या आसपास, आणि तो अंदाजे वीस ते पन्नास हजार डॉलर्सचा. त्यावर पेट्रियटचं सुमारे चाळीस लाख डॉलर्सचं मिसाईल उडवत राहिलं तर साठाही संपतो आणि पैसाही. फायटर जेटला इतकं हळू लक्ष्य अवघड, पो-२ चीच कथा परत. अशा वेळी ताशी पावणेतीनशेच्या आसपास जाणारं, ड्रोनच्या बाजूला आरामात थांबू शकणारं विमान आणि एक नेमबाज हा अतिशय स्वस्त तोडगा आहे. पण तो आघाडीपासून मागे, शत्रूच्या फायटर आणि मिसाईलच्या टप्प्याबाहेर राहूनच.

अमेरिकेनेही स्पेशल फोर्सेससाठी २०२२ मध्ये एटी-८०२ हे पिकांवर फवारणी करायच्या विमानावरून घडवलेलं टर्बोप्रॉप निवडलं, आणि त्याला नाव दिलंय स्कायरेडर टू. नाव जुनं, विमान नवं, लाइन चालू, इंधन जेटचंच. स्पिटफायर शोधत संग्रहालयात जायची गरज कोणालाच पडलेली नाही.

युक्रेनमध्येही हे किती दिवस चालेल सांगता येत नाही. शाहेद बहुतेक रात्रीच येतात, आणि याक-५२ मधल्या नेमबाजाला लक्ष्य डोळ्यांनी दिसावं लागतं. त्यात आता त्या ड्रोनची जेट इंजिनवाली आवृत्तीही वापरात आली आहे, आणि तिच्या मागे लागायला याकच्या पंख्यात तेवढा वेग नाही.